वहिनीनं घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या जिल्ह्यात "हिला रत्नागिरीला न्यायला लागंल" हे वाक्य दोन तऱ्हांनी बोललं जाई. मोठ्या आवाजात बोललं तर कोर्टाचं काम, एखादा दाखला, नाही तर दाढदुखी. आवाज खाली आणून, पदर तोंडाला लावून बोललं तर मात्र त्याचा अर्थ एकच, वेड्यांच्या इस्पितळाची ती उंच भिंत. माझ्याबद्दल आई हे वाक्य दुसऱ्या तऱ्हेनं बोलली, ते मी माजघरात पडल्या पडल्या ऐकलं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. वाईट वाटायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते, ती माझ्यात उरलेली नव्हती.

कारण विचाराल तर सांगण्यासारखं कारण नव्हतं. दहावी झाले होते. पुढचं शिकायचं तर राजापूरला रोज एसटीनं जावं लागणार. बाबा "बघू" म्हणाले आणि ते बघणं तिथंच राहिलं. बरोबरीच्या मुली लग्नं होऊन गेल्या. पण एवढ्यानं माणूस आडवं पडत असतं, तर आमच्या वाडीतल्या निम्म्या मुली आडव्या पडायला हव्या होत्या. कधीतरी श्रावणात सकाळी उठावंसं वाटेनासं झालं. मग केस विंचरायचे राहिले. मग जेवणावरची वासना गेली. चुलीपाशी जाऊन पुन्हा पुन्हा चहा करून घ्यायचा, त्यात बाजारातून आणलेला बटर बुडवायचा आणि पुन्हा चटईवर येऊन पडायचं. रात्री झोप नाही आणि दिवसा धड जाग नाही. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, अंगारा लावला, कुणाकडून तरी काळा दोरा आणून माझ्या दंडाला बांधला. बाबा पडवीतून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "आळस भरलाय अंगात, दुसरं काय नाय." आता टीव्हीवर सुटाबुटातले डॉक्टर ह्या सगळ्याला नाव देतात, सकस खा, चाला, व्यायाम करा, मन ताळ्यावर येईल, असं हसत हसत सांगतात. माझा नातू मला ते मुद्दाम हाक मारून ऐकायला लावतो. मी ऐकते आणि मनात म्हणते, बाबांनो, हे मला फार आधी आणि फार महाग पडून कळलेलं आहे.

घरात तेव्हा आम्ही चौघं होतो, आई, बाबा, वहिनी आणि मी. दादा मुंबईत. त्याची गिरणी बंद पडल्यापासून तो मिळेल ते काम करत होता आणि वर्षातून एकदोनदा, गणपतीला नाही तर शिमग्याला, घरी येत होता. वहिनी नाटे गावाकडची, समुद्राकाठची. तिचे वडील होडीवर जाणारे. आमच्या आतल्या गावात तिच्या बोलण्याला बायका हसत, आणि ती आमच्याकडच्या माशांना हसे. "ह्याला मासळी म्हनतात व्हय? ह्याला तर गावाला येऊन आठवडा झाला," असं ती बाजारातल्या टोपलीकडे बघून कोळणीच्या तोंडावर म्हणायची. अंगानं काटक, चालणं भरभर, आणि हातातलं काम कधी संपलंय असं मी पाहिलं नाही. पहाटे व्हायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या उखळात, भात कांडायला लागली की मुसळाचा आवाज थेट माझ्या उशाखाली येई. त्या दिवसांत मला त्या आवाजाचा मनस्वी राग यायचा. आपण उठायचं नाही आणि दुसऱ्यांनीही उठू नये असं वाटायचं.

नवरात्राच्या सुमारास एका सकाळी ती माजघरात आली आणि माझ्या डोक्याशी बसली. "बाय, माज्या एकलीच्यानं धुनं व्हत नाय. नुस्ती येऊन बस नदीवर. हात लावू नको." मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेच बोलली. तिसऱ्या दिवशी मी केवळ तिची कटकट टळावी म्हणून उठले. नदी घरापासून फार लांब नव्हती, पण त्या दिवशी वाटेत मला बसावं लागलं. भाताची कापणी चालू होती, शेतातल्या बायका मान वर करून बघत होत्या, आणि वहिनी त्यांना ओरडून सांगत होती, "काय बघतासा? कुसूम हाय, भूत नाय!" डोहाच्या काठी खडकावर मी बसून राहिले आणि ती धुणं आपटत राहिली. घरी परतताना माझे पाय दुखत होते. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

मग तो परिपाठच झाला. सकाळी नदी, संध्याकाळी सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, चढून लाकडं नाही तर गवत. मी आधी रिकाम्या हातानं, मग लहानशी मोळी घेऊन, मग तिच्याएवढी. चहा तिनं एका झटक्यात तोडला नाही, पण पातेलं स्वतःच्या ताब्यात घेतलं. "चायवर मानूस जगतो काय गो? चायवर एष्टीचा डायवर जगतो," असं म्हणून ती माझ्यापुढे पेज ठेवायची. उकड्या तांदळाची दाट पेज, वर चमचाभर तूप, बाजूला भाजलेली सुकट नाही तर लोणच्याची फोड. दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. शेवग्याचा पाला, परसातलं अळू, माहेराहून कुणी आलं की तिसऱ्यांचे शिंपले. त्या दिवशी घरभर समुद्राचा वास आणि आईचं नाक वाकडं. मी घास टाळला तर ती रागवायची नाही. माझ्यासमोर बसून स्वतः चवीचवीनं खायची, बोटं चाटायची आणि वर म्हणायची, "पोट रिकामं की डोकं फिरायला मोकळं." हीच नाचणी आता सून पाकिटातून आणते. त्या पाकिटावर एका हसऱ्या बाईचं चित्र असतं. बाई दिसायला गोड आहे, पण तिनं कुणाच्या पुढ्यात पेज ठेवून वाट पाहिली असेल असं वाटत नाही.

पोहायला तिनंच शिकवलं. आमच्या वाडीतल्या बायका डोहात गुडघ्यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. वहिनी मात्र साडीचा काचा मारून सरळ आत शिरायची. तिनं दोन सुके, न सोललेले नारळ सोडणासकट एकत्र बांधले, त्यांची जोडी माझ्या पाठीला करकचून आवळली आणि मला परकर-पोलक्यासकट पाण्यात ढकललं. मी किंचाळले, नाकातोंडात पाणी गेलं, तिला शिव्या घातल्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत मी एवढ्या मोठ्यानं काही बोलले नव्हते. ती पाण्यात उभी राहून हसत होती. "घाल, घाल शिव्या. छाती मोकळी व्हते." पुढे एक नारळ सुटला, मग दुसराही. थंडी पडायला लागली तेव्हा मी डोह आरपार करत होते. पाण्यातून बाहेर आलं की अंगाला वाफ यायची, दात वाजायचे आणि भूक अशी लागायची की घरी पोचेपर्यंत धीर निघत नसे. त्या दिवसांत मी सुखी होते. हे मी विचार करून लिहिते आहे. माझ्या आयुष्यात पुढेही चांगले दिवस आले, पण त्या सकाळींसारखे नाहीत. मला वाटायचं, जगात एक तरी माणूस असं आहे की ज्याला माझ्यासोबत असणं मनापासून आवडतं.

म्हणूनच मी तिला ते सांगितलं. सड्यावर काजूच्या झाडाखाली आम्ही बसलो होतो, मोळ्या बांधून झाल्या होत्या, आणि फडक्यात आणलेले कणगरांचे उकडलेले कंद मिठाशी खात होतो. मी म्हटलं, "वैनी, श्रावनात मी एकदा परसातल्या हिरीवर गेले व्हते. पानी काढायला नाय." तिचं चावणं थांबलं. मी सांगत गेले. काठावर उभी राहिले होते, बराच वेळ खाली बघत होते, मग कुठलं तरी ढोर हंबरलं आणि मी मागे फिरले. सांगून झाल्यावर मला रडू आलं आणि हलकंही वाटलं. "कोनाला सांगू नको, वैनी." तिनं खारट हात पदराला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला. "तुजी शपत, बाय. कोना मानसाला सांगायची नाय." आम्ही मोळ्या उचलल्या आणि घरी आलो.

माघात गावात बालवाडी सुरू करायचं ठरलं. महिला मंडळाच्या शेवंताकाकी घरी आल्या. गावातल्या पोरांना गाणी शिकवायला, बसतं करायला दहावी झालेली मुलगी हवी होती आणि वाडीत ती मीच होते. काकींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "हिला काय झालं व्हतं म्हनत व्हतीस? पोरगी तर तरतरीत हाय." मी तिथल्या तिथं हो म्हटलं. शिमगा झाला की पाडव्याला शाळेच्या पडवीत बालवाडी उघडायची होती. मी पुठ्ठ्याचे प्राणी कापले, जुन्या साड्यांची बसकरं शिवली, सड्यावर चढताना मोठ्यानं गाणी म्हणून पाठ केली. वहिनी मागून चुका काढायची. माणसाला उठायला रोज एक कारण लागतं. मला पहिल्यांदा माझं स्वतःचं कारण मिळालं होतं.

शिमग्याला पालखी सहाणेवर आली. सहाण म्हणजे गावाच्या मधला दगडी चौथरा, वर्षातले हे थोडे दिवस देव तिथं बसतो आणि गाव त्याच्याभोवती. मुंबईहून चाकरमानी आले होते, दादाही आला होता. सकाळपासून नवस फेडायला रांग. गुरव एकेकाचा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या घरचं जे काही दुखणं-मागणं असेल ते देवापुढे खणखणीत आवाजात मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. लहानपणापासून आम्ही ते इतकं म्हटलेलं असतं की गुरवाचा श्वास कुठं थांबतो ते कानाला आधीच कळतं. कुणाची म्हैस गाभण राहू दे, व्हय म्हाराजा. कुणाच्या पोराला मुंबईत नोकरी लागू दे, व्हय म्हाराजा. मी मैत्रिणींबरोबर उभी होते, बोलत होते, आणि मध्ये मध्ये सगळ्यांबरोबर ओरडत होते. त्यात आमची वहिनी नारळ घेऊन पुढे गेल्याचं मला दिसलंसुद्धा नाही.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या सुनंनं तुज्याकडं नवस बोललान व्हता, तो आज ती पुरा करत्येय!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातली लेक कुसूम, तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, डोक्यात बिघाड झाला व्हता!"

"व्हय म्हाराजा!" ह्या ओरडण्यात माझाही आवाज होता. तोंडातून निघून गेल्यावर मला माझं नाव ऐकू आलं.

"हिरीच्या काठावर जीव द्यायला उबी ऱ्हायली व्हती, तिला तू मागं वडलंस, तिचं डोकं ठिकानावर आनलंस! आता पुन्यांदा तिला ती वाट दावू नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. आई म्हणाली, डोळे मिटून, हात जोडून. बाबा म्हणाले. दादा म्हणाला. माझ्या शेजारच्या मैत्रिणी म्हणाल्या आणि मग एकेक करून माझ्याकडे वळून बघायला लागल्या. नारळ फुटला. गुरव पुढच्या नारळाकडे वळला. वहिनी मागे आली तेव्हा तिच्या तोंडावर काय समाधान होतं! डोक्यावरचं मोठं ओझं उतरवून आल्यासारखी ती माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

तोंडावर बोलण्याची पद्धत आमच्याकडे नाहीच. फक्त नदीच्या वाटेवर बायका आपली पोरं आपल्या अंगाशी ओढून घ्यायला लागल्या. विहिरीवर मी गेले की कुणीतरी लगबगीनं येऊन म्हणे, "ठेव कळशी, मी वडून देतंय." पाडव्याला मी नवी साडी नेसून, पुठ्ठ्याचे प्राणी पिशवीत घालून शाळेच्या पडवीत जाऊन बसले. बसकरं मांडली. उन्हं चढेपर्यंत एकही पोर आलं नाही. मग शेवंताकाकी आल्या, पायरीवर बसल्या, घाम पुसला. "कुसूम, तू तूर्त ऱ्हाऊ दे. तुज्यात काय वाईट हाय असं माजं म्हननं नाय. पन आयाबाया घाबरल्यात. शाळंच्या मागंच हीर हाय ना." पावसाळ्याच्या तोंडाशी बालवाडी सुरू झाली. शेजारच्या वाडीतली आठवी नापास मुलगी पोरांना गाणी शिकवायला लागली. माझी बसकरं तिनं ठेवून घेतली.

पाडव्याच्या त्या दिवशी मी घरी आले तेव्हा वहिनी चुलीपुढे होती. मी साडीसुद्धा बदलली नाही. "माज्या डोक्यावर हात ठेवून शपत घेतली व्हतीस, वैनी. कोनाला सांगनार नाय म्हनून."

"कोना मानसाला सांगायची नाय म्हटलं व्हतं," ती म्हणाली. तिला खरोखरच कळत नव्हतं मी का चिडले आहे. "देव काय मानूस हाय? आनि नवस फेडायचा तर कशापायी बोललो ते सांगायला नको? देवाशी खोटं बोलू?"

"घरात बसून सांगायचं व्हतंस. त्याच्या कानात सांगायचं व्हतंस. आख्ख्या गावाला व्हय म्हाराजा करायला लावलंस तू."

"एकट्यानं घातलेलं गाऱ्हानं देवाला पोचत नाय, बाय," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "गावानं व्हय म्हनायला लागतं."

आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारला नसता तर कदाचित मी तिला माफ केलं असतं. मी म्हटलं, "मी एवढी चालले, एवढी पवले, तू घातलंस ते सगळं गिळलं, आनि बरी केलान देवानं? मंग मला रोज नदीवर कशाला नेत व्हतीस?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. "तुला हिरीवर तुज्या आयनं बघितलान व्हतं, त्याच दिवशी. मला सांगितलान, हिला डोळ्याआड करू नको. पाऊस व्हता तवर घरात नजर ठेवली. मंग म्हनून नदीवर नेत व्हते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पवायला पन म्हनूनच शिकवलं. पवायला येतं त्या मानसाला हिरीत जीव देता येत नाय, बाय. अंग आयकत नाय."

मला वाटतं, तिनं हे माझी समजूत काढण्यासाठीच सांगितलं. तिला ते प्रेमाचं बोलणं वाटलं असणार, आणि होतंही. आज साठी ओलांडल्यावर, स्वतःच्या मुलांच्या काळजीनं जागून काढल्यावर, मला ते कळतं. पण कळणं वेगळं आणि राग जाणं वेगळं. मी सड्यावर तिला जे गुपित म्हणून सांगितलं, ते तिला आधीपासून ठाऊक होतं आणि तरी तिनं चावणं थांबवून माझं ऐकून घेतलं होतं. जिला मी सोबत समजत होते, ती राखण होती. नदीवरच्या त्या सगळ्या सकाळी, ते हसणं, त्या शिव्या, पाठीला बांधलेले नारळ, सगळं आईनं नेमून दिलेलं काम होतं. गावानं मला वेडी ठरवलं त्याचं दुःख पुढे मुंबईला गेल्यावर विरलं. हे विरलं नाही. वहिनी आता नाही, आणि तिचं नाव निघालं की मी अजून विषय बदलते.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठले. ती धुण्याची पाटी घेऊन दारात येईपर्यंत मी फाटकाचं बेडं ओलांडून गेले होते. तिनं मागून हाक मारली, मी वळून पाहिलं नाही. नदी आटत आली होती, पण डोहाला पाणी होतं. मी कपड्यांसकट आत शिरले आणि मधोमध गेले. मला मरायचं अजिबात नव्हतं, हे इथं स्पष्ट सांगते. मला तिला खोटं पाडायचं होतं. मी हातपाय थांबवले, श्वास सोडला आणि अंगाला म्हटलं, जा खाली. डोक्यावरून पाणी गेलं, कानात गार शांतता भरली, आणि तेवढ्यात पायांनी मला न विचारता एक लाथ मारली. मी वर आले. पुन्हा गेले, पुन्हा वर आले. मग रागानं रडत रडत, मिळेल तेवढा श्वास घेत, मी डोह आरपार केला, परत आले, पुन्हा आरपार केला, दंड भरून येईपर्यंत. काठावर वहिनी उभी होती. पाटी खाली ठेवून, साडीचा काचा मारून, पाण्यात शिरायच्या बेतात. मी तिच्या बाजूनं निघून घरी आले. तिनं निघताना माझ्यासाठी पेज झाकून ठेवली होती. मला सपाटून भूक लागली होती. मी ती सगळी पेज खाल्ली.